ताऱ्यातला न्यूट्रॉन येतो कुठून? प्रोटॉन जास्त झालेल्या न्यूक्लियसची गोष्ट, जरा सविस्तर

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे मध्येच वाचायला लागणाऱ्यांना कळेल. विचारणारे एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, इथे पुण्यातच. वर्गात शिकवलं की लोखंडाच्या पुढची मूलद्रव्यं न्यूट्रॉन पकडून बनतात, एस प्रोसेस (हळूहळू पकडणं) आणि आर प्रोसेस (भराभर पकडणं). मग प्रोटॉन जास्त असलेली न्यूक्लियस (अणूचा गाभा) ताऱ्यात बनतात कशाला, आणि ती काही मिनिटांत डिके होऊन (आपोआप बदलून दुसरंच काही होऊन) जात असतील तर मूलद्रव्यं बनण्यात त्यांचा वाटा काय? आणि जाता जाता एक, प्रोटॉन न्यूट्रॉनपेक्षा हलका आहे, मग त्याचा न्यूट्रॉन होतोच कसा?

मी पीएचडी मुंबईत कुलाब्याच्या पेलेट्रॉनवर (कणांना वेग देणारं यंत्र) केली, प्रोटॉन मारून टार्गेट ॲक्टिव्हेट करायचं आणि मग जर्मेनियम डिटेक्टरसमोर ठेवून मोजत बसायचं, असं काम. नंतर गेली चौदा वर्षं मेडिकल सायक्लोट्रॉनवर (तेही कणांना वेग देणारंच यंत्र) आहे, पेट स्कॅनसाठी लागणारं फ्लोरिन-१८ (१८ म्हणजे प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) बनवतो. म्हणजे प्रोटॉन जास्त झालेली न्यूक्लियस बनवणं आणि ती मरायच्या आत पेशंटपर्यंत पोचवणं हीच माझी रोजीरोटी. त्यामुळे ताऱ्यांबद्दल लिहिताना मध्येमध्ये आमच्या हॉट सेलच्या (किरणोत्सारी माल आडोशामागून हाताळायची जागा) गोष्टी येतील, चालवून घ्या.

माझ्या मते तुमच्या प्रश्नातला खरा घोळ 'डिके होऊन जातात' या शब्दांत आहे. आपण डिके म्हटलं की संपलं, वाया गेलं असं धरतो. पण बीटा प्लस डिकेमध्ये वाया काहीच जात नाही, न्यूक्लियसमधला एक प्रोटॉन न्यूट्रॉन होतो, एक पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन) आणि एक न्यूट्रिनो (भार नसलेला, जवळपास वजनही नसलेला कण) बाहेर पडतो, एकूण प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन तेवढेच राहतात. आता जरा उलटं विचारा. तारा सुरू होतो तेव्हा त्याच्याकडे काय असतं? वजनाने साधारण तीन चतुर्थांश हायड्रोजन, म्हणजे नुसते प्रोटॉन, आणि बाकी जवळपास सगळं हीलियम. हीलियममधले न्यूट्रॉन बिग बँगच्या वेळचे आहेत, ते सोडून द्या. पण हायड्रोजन जाळून पुढे जे काही बनतं त्यातला प्रत्येक न्यूट्रॉन कधीतरी प्रोटॉन होता, आणि त्याचा न्यूट्रॉन झाला तो बीटा प्लस नाहीतर इलेक्ट्रॉन कॅप्चरनेच (प्रोटॉनने इलेक्ट्रॉन आत ओढून न्यूट्रॉन होणं). तर सरांनी जी एस प्रोसेस शिकवली तिला लागणारा न्यूट्रॉन आला कुठून, हा प्रश्न वर्गात बहुतेक कुणी विचारत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

आधी तो हलका-जडचा मुद्दा मिटवून टाकू. सुटा प्रोटॉन न्यूट्रॉनपेक्षा १.२९३ एमईव्हीने (ऊर्जेचं एकक, वस्तुमानही त्यातच मोजतात) हलका आहे हे बरोबर, आणि म्हणूनच सुटा प्रोटॉन डिके होत नाही, नाहीतर हायड्रोजनच उरला नसता. पण न्यूक्लियसच्या आत हिशोब एकट्या प्रोटॉनचा नसतो, सगळ्या घराचा असतो. प्रोटॉनच्या आणि न्यूट्रॉनच्या अशा दोन वेगळ्या शिड्या शेजारीशेजारी ठेवल्यात असं समजा, एका पायरीवर दोघंच राहू शकतात. प्रोटॉन जास्त झाले की ते वरच्या वरच्या पायऱ्यांवर जाऊन बसतात, शिवाय प्रोटॉन एकमेकांना ढकलतात त्यामुळे त्यांची शिडी मुळातच थोडी उचललेली असते. शेजारच्या न्यूट्रॉनच्या शिडीवर खालची पायरी रिकामी असेल तर वरचा प्रोटॉन न्यूट्रॉन होऊन तिथे उतरतो आणि उतरताना जी ऊर्जा सुटते त्यातून १.२९३ ची किंमत चुकती होते. पॉझिट्रॉन बाहेर काढायचा तर दोन अणूंच्या वस्तुमानातला फरक १.०२२ एमईव्हीपेक्षा जास्त हवा. फ्लोरिन-१८ आणि ऑक्सिजन-१८ मधला फरक आहे १.६५६, म्हणून पॉझिट्रॉनला जास्तीत जास्त ०.६३४ मिळतात, आम्ही रोज वापरतो तो आकडा हाच. फरक १.०२२ पेक्षा कमी असेल तर पॉझिट्रॉन निघत नाही, एकच रस्ता उरतो, आजूबाजूचा इलेक्ट्रॉन आत ओढून घ्यायचा. हे इलेक्ट्रॉन ओढून घेणं लक्षात ठेवा, पुढे त्यावरच बरंच काही फिरतं.

अजून एक, 'प्रोटॉन-रिच' म्हणजे न्यूट्रॉनपेक्षा प्रोटॉन जास्तच असले पाहिजेत असं नाही. फ्लोरिन-१८ मध्ये नऊ-नऊ आहेत, निकेल-५६ मध्ये अठ्ठावीस-अठ्ठावीस. तेवढ्याच एकूण संख्येचं जे स्थिर न्यूक्लियस आहे त्याच्यापेक्षा प्रोटॉन जास्त, एवढाच अर्थ. मुलाखतीत भल्याभल्यांची इथे विकेट पडलेली बघितली आहे.

आता मूळ मुद्दा. सायक्लोट्रॉनवर नवा असताना एकदा टार्गेटमधून (तिथे ऑक्सिजन-१८ वाल्या पाण्यावर प्रोटॉन मारतो) आलेल्या कच्च्या पाण्याचा सॅम्पल घाईघाईने मोजायला लावला. फ्लोरिन-१८ चं हाफ लाइफ (निम्मं उरायला लागणारा वेळ) ११० मिनिटं, आमच्याकडे क्यूसीला (माल तपासताना) ते १०५ ते ११५ च्या मध्ये यावं लागतं नाहीतर बॅच रद्द. माझं आलं त्याच्या निम्म्याहून कमी, पहाटेचे चार वाजलेले, तिकडे गाडी उभी, मला घाम फुटला. सीनियरने ग्राफ बघितला आणि शांतपणे म्हणाले अरे ह्याला दोन उतार आहेत, पहिला दहा मिनिटांचा आहे, तो नायट्रोजन-१३, पाण्यात थोडा साधा ऑक्सिजन-१६ शिल्लक असतोच, प्रोटॉन लागला की त्यातून अल्फा (हीलियमचं न्यूक्लियस) उडून नायट्रोजन-१३ होतो, तासभर थांब मग मोज. तर तो पहाटे छळणारा नायट्रोजन-१३ हाच ताऱ्यांमधला मोठा खेळाडू आहे.

सीएनओ सायकल (कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजनच्या मदतीने हायड्रोजन जाळायचं चक्र) तुम्हाला माहीत असेलच, १९३८-३९ च्या सुमारास बेथे आणि वाइत्सेकर यांनी मांडलेली. कार्बन-१२ ला प्रोटॉन लागला की नायट्रोजन-१३, त्याचा दहा मिनिटांत बीटा प्लस होऊन कार्बन-१३, परत प्रोटॉन की नायट्रोजन-१४, परत प्रोटॉन की ऑक्सिजन-१५, त्याचा १२२ सेकंदात डिके होऊन नायट्रोजन-१५, आणि शेवटी प्रोटॉन लागून अल्फा बाहेर, हातात परत कार्बन-१२. चार प्रोटॉन आत गेले आणि हीलियम बाहेर आला, त्यातले दोन न्यूट्रॉन कुठे बनले? नायट्रोजन-१३ आणि ऑक्सिजन-१५ च्या डिकेमध्ये. ते दोन डिके काढून टाका, सायकल बंद. इथेच वाटा काय या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं.

पण एस प्रोसेसचं पुढे बघा. म्हाताऱ्या लाल राक्षसी ताऱ्यांमध्ये, ज्यांना एजीबी तारे म्हणतात, कार्बनने भरलेल्या थरात वरून थोडे प्रोटॉन मिसळतात, नायट्रोजन-१३ बनतो, तो डिके होऊन कार्बन-१३ होतो. त्या कार्बन-१३ ला नंतर अल्फा लागला की ऑक्सिजन-१६ बनतो आणि एक सुटा न्यूट्रॉन बाहेर पडतो. एस प्रोसेसचा मुख्य न्यूट्रॉन पुरवठा हाच. प्रोटॉन जास्त झालेल्या न्यूक्लियसचा डिके झालाच नसता तर बेरियम, शिसं वगैरे बनवायला न्यूट्रॉनच नव्हता.

दुसरा पुरवठा मोठ्या ताऱ्यांमध्ये, आणि तो तर माझ्या अगदी घरचा. सीएनओ सायकलमध्ये सगळ्यात हळू पायरी म्हणजे नायट्रोजन-१४ ने प्रोटॉन पकडणं. वारी बघितली असेल तर पटकन कळेल, माउलींची पालखी हडपसरपर्यंत भराभर येते आणि दिवे घाट चढताना वेग पडतो, मग वरून फोटो काढला तर गर्दी घाटातच दिसते, वारकरी तेवढेच आहेत पण जिथे वेळ जास्त लागतो तिथे जास्त माणसं सापडतात. तसं कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन सगळे शेवटी नायट्रोजन-१४ मध्ये साठतात. हायड्रोजन संपून हीलियम जळायला लागला की या नायट्रोजन-१४ ला अल्फा लागतो आणि बनतो कोण, तर फ्लोरिन-१८. त्याचा बीटा प्लस होऊन ऑक्सिजन-१८. परत अल्फा, निऑन-२२. परत अल्फा, मॅग्नेशियम-२५ आणि एक सुटा न्यूट्रॉन. निऑन-२२ मध्ये दहा प्रोटॉन आणि बारा न्यूट्रॉन आहेत. नायट्रोजन-१४ सात-सातचा होता आणि अल्फा प्रत्येक वेळी दोन-दोन देतो, मग हे दोन जास्तीचे न्यूट्रॉन आले कसे? मधल्या त्या एका फ्लोरिन-१८ च्या डिकेने. एक प्रोटॉन कमी, एक न्यूट्रॉन जास्त, फरक दोनाचा.

मला यात एक गंमत नेहमी वाटते. आम्ही ऑक्सिजन-१८ चं पाणी विकत घेतो, भयंकर महाग असतं, एक थेंब सांडला तर हळहळ होते. ताऱ्यात ऑक्सिजन-१८ बनतो तो फ्लोरिन-१८ मधून. आम्ही त्याला प्रोटॉन मारून परत फ्लोरिन-१८ करतो, आणि तो पेशंटच्या अंगात डिके होऊन पुन्हा ऑक्सिजन-१८ होऊन बसतो. म्हणजे ताऱ्याने उतरवलेलं ओझं आम्ही विजेचं बिल भरून परत वर चढवतो. फरक एवढाच की आम्ही साडेसोळा एमईव्हीचा प्रोटॉन धाडकन मारतो आणि सूर्याच्या गाभ्यात प्रोटॉनची सरासरी ऊर्जा एक-दोन केईव्हीच्या (एमईव्हीचा हजारावा भाग) आसपास असते, दहा हजार पट कमी, तो बिचारा टनेलिंगच्या (पुरेशी ऊर्जा नसताना अडथळ्यातून पार होणं) भरवशावर वाट बघत बसतो.

आता कशावर अवलंबून आहे ते सांगतो, कारण हाफ लाइफचा तक्ता उघडून 'दहा मिनिटं म्हणजे फास्ट, सत्तर हजार वर्षं म्हणजे स्लो' असं ठरवता येत नाही. फास्ट कशाच्या तुलनेत? ही शर्यत आहे, एकीकडे डिके आणि दुसरीकडे पुढचा प्रोटॉन येऊन आदळणं. सूर्यासारख्या दीड कोटी केल्विनच्या गाभ्यात पुढचा प्रोटॉन यायला लाखो वर्षं, त्यापुढे दहा मिनिटं म्हणजे डोळ्याची पापणी, डिके कायम जिंकतो. पण तापमान दहा कोटी केल्विनच्या वर गेलं, जसं नोव्हामध्ये (मेलेल्या ताऱ्यावर साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट) जातं, की नायट्रोजन-१३ ला डिके व्हायला दहा मिनिटं मिळतच नाहीत, आधीच प्रोटॉन बसतो आणि ऑक्सिजन-१४ होतो. आणि तिथे मात्र गाडी थांबते, कारण ऑक्सिजन-१४ ला आणखी एक प्रोटॉन दिला तर बनणारं फ्लोरिन-१५ तो धरूनच ठेवू शकत नाही, लगेच टाकून देतं. ऑक्सिजन-१५ चंही तसंच, फ्लोरिन-१६ टिकत नाही. मग दोघांनाही आपापल्या डिकेची वाट बघणं भाग आहे, ७०.६ सेकंद आणि १२२ सेकंद. सरासरी आयुष्यं धरली तर दोन्ही मिळून साधारण पावणेपाच मिनिटं. आता तुम्ही तापमान वाढवा नाहीतर कमी करा, सायकलचा एक फेरा याहून लवकर होणार नाही. याला हॉट सीएनओ म्हणतात. इथे तर प्रोटॉन जास्त झालेल्या न्यूक्लियसचा डिके हाच सगळ्या स्फोटाचा मेन व्हॉल्व्ह झाला.

नोव्हात अजून एक होतं. हे नायट्रोजन-१३, ऑक्सिजन-१४, ऑक्सिजन-१५, फ्लोरिन-१७ उकळत्या थरांबरोबर वर पृष्ठभागापर्यंत ओढले जातात आणि तिथे जाऊन डिके होतात, म्हणजे उष्णता खाली न सुटता वर सुटते आणि वरचा थर उडवून द्यायला तिची मदत होते. आमची मालाची गाडी बघा ना, माल बनतो एकीकडे आणि ऊर्जा सुटते दुसरीकडे. फक्त आमच्याकडे मधल्या प्रवासाचा वैताग. फ्लोरिन-१८ ला एक तास उशीर झाला की ३२ टक्के माल गेला. गणपतीच्या दिवसांत रस्ते बंद असले की आम्ही बॅच मुळातच मोठी घेतो कारण चांदणी चौकात अडकलेली गाडी म्हणजे अडकलेला पैसा नाही, उडून जाणारा पैसा आहे. नोव्हात फ्लोरिन-१८ पण बनतो बरं का, आणि त्याच्या पॉझिट्रॉनमुळे ५११ केईव्हीचा झोत दिसायला हवा असं गणित सांगतं, पण नोव्हा नुसत्या डोळ्यांना उजळ दिसायच्या आधीच तो झोत येऊन जातो, त्यामुळे दुर्बीण तिकडे वळवायची कुणी? अजून सापडलेला नाही.

इथवरचं एकदा पक्कं करून घ्या. ताऱ्याकडे प्रोटॉन भरपूर आणि न्यूट्रॉनचा दुष्काळ, प्रोटॉन पकडून न्यूक्लियस स्थिरतेच्या दरीच्या (तळाशी स्थिर न्यूक्लियस, उतारांवर अस्थिर) एका उतारावर चढतं, बीटा प्लसने परत खाली उतरतं आणि उतरताना एक न्यूट्रॉन पदरात पडतो. थंड ताऱ्यात उतरणं झटपट आणि चढणं हळू, गरम स्फोटात चढणं झटपट आणि उतरणं हळू. जे हळू असेल तिथे गर्दी, आणि स्फोट संपल्यावर मागे काय उरणार ते ती गर्दी ठरवते. म्हणून तर नोव्हाच्या धुळीत कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ यांचं प्रमाण नेहमीपेक्षा खूप जास्त असतं.

याच्याही वरची पायरी म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यावरचे (मोठा तारा कोसळून उरलेला अतिघट्ट गोळा) एक्स-रे बर्स्ट. शेजारच्या ताऱ्याचा हायड्रोजन-हीलियम न्यूट्रॉन ताऱ्यावर साचतो, तापमान शंभर कोटी केल्विनच्या वर जातं आणि दहा ते शंभर सेकंदांचा भडका उडतो. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या लॅक्सपीसी या एक्स-रे उपकरणाने असे बर्स्ट टिपलेत. तिथे सीएनओचं कुंपण तोडून, म्हणजे ऑक्सिजन-१५ ला अल्फा लागून निऑन-१९ वगैरे होऊन, प्रोटॉन पकडण्याची रांग पार वर जाते, याला आरपी (रॅपिड प्रोटॉन) प्रोसेस म्हणतात, १९८१ मध्ये वॉलेस आणि वूझली यांनी मांडली. या रस्त्यावरचे घाट म्हणजे जर्मेनियम-६४, सेलेनियम-६८ आणि क्रिप्टॉन-७२. हाफ लाइफ साधारण ६४, ३५ आणि १७ सेकंद. भडकाच शंभर सेकंदांचा आणि एका ठिकाणी ६४ सेकंद ताटकळायचं, म्हणजे बर्स्टची शेपटी किती लांब दिसणार हे या तीन-चार न्यूक्लियसच्या हातात. ताटकळायचं कारण तेच, सेलेनियम-६८ च्या पुढचं ब्रोमिन-६९ प्रोटॉन धरत नाही. जर्मेनियम-६४ बद्दल मात्र मत बदललंय, २०११ मध्ये चीनमधल्या लानझोऊच्या स्टोअरेज रिंगवर आर्सेनिक-६५ चं वजन मोजलं आणि ते प्रोटॉन जेमतेमच सोडतं असं निघालं, म्हणजे तिथला घाट आधी वाटला तेवढा उभा नाही. एका न्यूक्लियसच्या वजनातला किरकोळ फरक आणि त्यावर हजारो प्रकाशवर्षं लांबच्या भडक्याचा आकार, मला आपलं हे काम म्हणूनच आवडायचं.

पण इथे एक थंड पाणी ओततो. न्यूट्रॉन ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण इतकं आहे की बनलेला माल बाहेर जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे 'आरपी प्रोसेसने आकाशगंगेत अमुक मूलद्रव्य भरलं' असं प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहाल तर व्हायवात पकडले जाल.

आता मघाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं ते इलेक्ट्रॉन कॅप्चर. हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे आणि मी यावर मुद्दाम थांबणार आहे. बेरिलियम-७ आणि लिथियम-७ मधला फरक ०.८६२ एमईव्ही, १.०२२ पेक्षा कमी, म्हणजे पॉझिट्रॉन अशक्य. लॅबमध्ये हाफ लाइफ ५३ दिवस. पण हे ५३ दिवस आले कुठून? अणूभोवती फिरणारा आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन हाताशी आहे म्हणून. सूर्याच्या गाभ्यात अणू जवळपास सोललेले असतात, तिथे बेरिलियमला बहुतेक वेळा आजूबाजूने मोकाट फिरणारा इलेक्ट्रॉन पकडावा लागतो, म्हणजे त्याचा वेग घनतेवर आणि तापमानावर अवलंबून, तक्त्यातला आकडा तिथे तसाच्या तसा चालत नाही. यातून निघणारे न्यूट्रिनो इटलीतल्या बोरेक्सिनो डिटेक्टरने २००७ मध्ये पकडले, आणि सीएनओवाले २०२० मध्ये, नायट्रोजन-१३ आणि ऑक्सिजन-१५ मधून निघालेले. म्हणजे आमच्या टार्गेटमध्ये नकोसा वाटणारा नायट्रोजन-१३ सूर्यात डिके होतोय याचा थेट पुरावा मिळायला बेथेंनंतर ऐंशी वर्षं लागली.

आणि न्यूक्लियस पूर्ण नागडं करून मोकळ्या अवकाशात सोडलं तर? ना कक्षेतला इलेक्ट्रॉन, ना आजूबाजूला कुणी. मग बेरिलियम-७ डिकेच होत नाही, ते स्थिर. कॉस्मिक रेजमध्ये (अवकाशातून प्रचंड वेगाने येणारे कण) ते सापडतं ते त्यामुळेच. याचा सगळ्यात देखणा वापर निकेल-५९ वर झाला. हे पण व्यवहारात इलेक्ट्रॉन कॅप्चरनेच जातं, हाफ लाइफ साधारण ७६ हजार वर्षं, होतं कोबाल्ट-५९. सुपरनोव्हाने (ताऱ्याच्या प्रचंड स्फोटाने) बनवलं आणि लगेच वेग देऊन कॉस्मिक रे बनवलं तर इलेक्ट्रॉन गळून पडणार आणि निकेल-५९ कायमचं गोठणार. नासाच्या एस (ACE) यानाने १९९९ च्या सुमारास मोजलं तर निकेल-५९ जवळजवळ नाही, सगळं कोबाल्ट-५९. म्हणजे बनणं आणि वेग मिळणं यात किमान लाखभर वर्षं गेली असणार. हाफ लाइफचं घड्याळ आपण नेहमी वापरतो, पण घड्याळ बंद पडू शकतं याचाच वापर करून घेतलेला असा दुसरा नमुना मला आठवत नाही.

निकेल-५६ शिवाय हे उत्तर अपुरं राहील. कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, सगळे समसमान प्रोटॉन-न्यूट्रॉनवाले. सुपरनोव्हात ते काही सेकंदात जळून लोखंडाच्या आसपास जातात आणि एवढ्या वेळात बीटा डिकेला उसंतच मिळत नाही, म्हणून थेट लोखंड-५६ न बनता अठ्ठावीस-अठ्ठावीसचं निकेल-५६ बनतं. मग ६.१ दिवसांत कोबाल्ट-५६, आणि ७७ दिवसांत लोखंड-५६. स्फोटानंतर आठवडेच्या आठवडे सुपरनोव्हा चमकत राहतो तो या दोन डिकेच्या ऊर्जेवर. १९८७ए या सुपरनोव्हात सूर्याच्या ०.०७ पट निकेल-५६ बनलं होतं आणि त्याचा प्रकाश नंतर अगदी कोबाल्टच्या तालावर उतरत गेला. कोबाल्ट-५६ साधारण १९ टक्के वेळा पॉझिट्रॉन देतं आणि बाकी इलेक्ट्रॉन कॅप्चर, पुढे ढग पातळ होऊन गॅमा किरण निसटायला लागले की आत ऊर्जा सोडायला हे पॉझिट्रॉनच मागे राहतात. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी जे भंगार पसरलेलं असतं ते बहुतेक सगळं एकेकाळी निकेल होतं, असं मी मुलाला सांगितलं तर तो म्हणाला मग निकेलच्या भावाने विका.

पी-न्यूक्लियस म्हणून एक वेगळा गट आहे, सेलेनियम-७४ पासून मर्क्युरी-१९६ पर्यंत पस्तीस, त्यांचा इथे धावता उल्लेख करतो. स्थिर आहेत पण एस आणि आर दोन्ही रस्ते त्यांना चुकवून जातात. १९५७ च्या बर्बिज, बर्बिज, फाउलर आणि हॉइल यांच्या प्रसिद्ध पेपरमध्ये त्यांच्यासाठी वेगळी पी प्रोसेस मांडलेली होती (हे हॉइल म्हणजे आपल्या नारळीकर सरांचे केंब्रिजचे गाइड). आज मान्य असलेलं चित्र असं की सुपरनोव्हात २००-३०० कोटी केल्विनला गॅमा किरण आधीच्या जड न्यूक्लियसमधून न्यूट्रॉन उडवत जातात, मग प्रोटॉन आणि अल्फा, आणि सगळं थंडावल्यावर जे प्रोटॉन-रिच तुकडे उरतात ते बीटा प्लसने आणि इलेक्ट्रॉन कॅप्चरने घरंगळत पी-न्यूक्लियसपाशी येऊन थांबतात. बहुतेकांचं प्रमाण त्या मूलद्रव्याच्या एखाद टक्क्याच्या आत. पण मॉलिब्डेनम-९२ आणि ९४ मिळून जवळजवळ २४ टक्के, आणि हे एवढं कुठलंही गॅमा किरणांचं मॉडेल नीट देत नाही, रुथेनियम-९६ आणि ९८ चंही तेच. २००६ मध्ये न्यूट्रिनोची मदत घेणारी एक प्रोसेस सुचवली गेली, त्यात अँटिन्यूट्रिनोंमुळे प्रोटॉनचे थोडे न्यूट्रॉन होतात, आणि ते न्यूट्रॉन जर्मेनियम-६४ सारख्या घाटावर आदळून आत शिरतात, बदल्यात एक प्रोटॉन बाहेर काढतात, म्हणजे ६४ सेकंद थांबायची गरजच नाही, शॉर्टकट. कल्पना मला आवडते, पण मॉलिब्डेनमचा सगळा हिशोब त्याने मिटला असं मी म्हणणार नाही.

शेवटी तुमचं ते 'काही मिनिटांत डिके होतात'. सगळे नाही होत. ॲल्युमिनियम-२६ पण प्रोटॉन-रिचच आहे आणि त्याचं हाफ लाइफ ७ लाख १७ हजार वर्षं. त्याच्या डिकेनंतर मॅग्नेशियम-२६ मधून १८०९ केईव्हीचा गॅमा निघतो आणि तो आकाशगंगेच्या पट्ट्यातून आजही येतोय, म्हणजे मूलद्रव्यं बनणं चालू आहे याची जिवंत पावती. राजस्थानात १९९६ मध्ये पिपलिया कलां इथे पडलेल्या उल्केत अहमदाबादच्या पीआरएलच्या (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) लोकांना या ॲल्युमिनियम-२६ च्या खुणा मिळाल्या होत्या, १९९९ चा पेपर आहे, जरूर शोधून वाचा.

प्रोजेक्टसाठी न्यूक्लिअर नेटवर्कचा कोड (सगळ्या रिॲक्शनचा एकत्र हिशोब करणारा प्रोग्रॅम) चालवणार असाल तर एक सांगून ठेवतो, माझे यात तीन आठवडे गेलेत. ॲल्युमिनियम-२६ ची एक उत्तेजित अवस्था आहे, २२८ केईव्हीवर, तिचं हाफ लाइफ ६.३५ सेकंद. ती खालच्या अवस्थेत न येता थेट मॅग्नेशियम-२६ च्या तळाशी जाते, १८०९ चा गॅमा न देता. मी दोन्ही एकच प्रजाती धरून एकच हाफ लाइफ दिलं होतं आणि गॅमाचा आकडा काही केल्या जुळेना. नोव्हाच्या तापमानाला या दोघांचा एकमेकांशी समतोल होत नाही, त्यामुळे कोडमध्ये दोन वेगळ्या नावांनी लिहा, आणि कुठली रिॲक्शन कुणाला किती वाटा देते ते एकेक करून तपासा, डीफॉल्टवर सोडू नका.